निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी

अंबरनाथ नगरपरिषदेचे मुख्याधिकारी यांस,



मोरिवलीतील राहत्या घराच्या पुढच्या खोलीत संगणकदुरुस्तीचा लहानसा व्यवसाय करून उदरनिर्वाह चालविणारा मी एक नागरिक असून, आपल्या कचेरीविषयी काही गाऱ्हाणे आहे म्हणून नव्हे, तर येत्या काही महिन्यांत आपल्या मेजावर, आणि शेजारच्या उल्हासनगर महानगरपालिकेच्या आयुक्तांच्या व कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या मेजावरही, जी एक यादी मंजुरीसाठी येण्याचा फार संभव आहे, तिच्याविषयी जे मला माझ्या धंद्यामुळे ठाऊक आहे ते वेळीच आपल्या कानी घालावे, या हेतूने हे पत्र जाहीर रीतीने लिहीत आहे. ती यादी म्हणजे जुन्या संगणकांच्या निर्लेखनाची, म्हणजे ते निकामी ठरवून भंगारात काढण्याची.

अशी यादी याच सुमारास येईल असे मला का वाटते, ते सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नित्याचा सांभाळ थांबविला. त्या दिवशी देशातला एकही संगणक बंद पडला नाही. बंद झाली ती दर महिन्याला येणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्यांची आवक. पुढची प्रणाली, म्हणजे २०२१ च्या ऑक्टोबरात आलेली ‘विंडोज ११’, चालविण्यासाठी मात्र यंत्रात ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि, इंटेलच्या बाबतीत बोलायचे तर, साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर असावा, अशी अट आहे. आणि ही आठवी पिढीच मुळी २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली असल्यामुळे, त्यापूर्वी घेतलेले असंख्य संगणक, त्यांचा एकही भाग झिजलेला नसताना, केवळ एका अटीपायी अपात्रांच्या रांगेत जाऊन बसले आहेत. माझ्याकडे येणारी मंडळी, आणि त्यांत ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या कामगारांपासून दहावीतल्या मुलांच्या आयांपर्यंत सारेच आले, पिशवीतून लॅपटॉप काढता काढता पहिला प्रश्न हाच करतात, की दादा, हा आता एक्सपायर झाला का? त्यांना मी जे उत्तर देतो, तेच आपणांसही देणे मला उचित वाटते.

प्रथम धोक्याची बाजू सांगतो, कारण ती लपवून जुन्या यंत्राची तरफदारी करणे हा प्रामाणिकपणा नव्हे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रणालीने जगभरातील लक्षावधी संगणकांतील फायली कुलूपबंद केल्या आणि इंग्लंडातील सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठविण्याची पाळी आणली, तेव्हा ज्या छिद्रातून ती शिरली ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच, वितरित केलेली होती. ती ज्यांनी बसवून घेतली नाही त्यांच्यावर संकट कोसळले. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ या तशाच दुसऱ्या उपद्रवाने युरोपातील एका मोठ्या जहाज-कंपनीची सारी संगणकव्यवस्था आडवी केली आणि त्याचा फटका थेट आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलला बसून तेथील कंटेनरांची हालचाल खोळंबली. सुरक्षा-दुरुस्ती न मिळणारे यंत्र महाजालाला जोडून त्यावर मालमत्ता-कराची खाती चालविणे हे म्हणूनच गैर आहे. जे यंत्र विंडोज १० वरच ठेवणे भाग असेल त्यासाठी मुदतवाढीची सोय कंपनीने ठेवलेली आहे. खाजगी ग्राहकांसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. संस्थांसाठी ती तीन वर्षांची असून पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर, आणि पुढे दरवर्षी दुप्पट, असा तिचा आकार जाहीर झाला होता. थोड्या, अत्यावश्यक यंत्रांसाठी हा मार्ग योग्य. सरसकट सर्वांसाठी तो परवडणारा नाही.

यावर नवे संगणक घ्यावेत, असे कोणीही सुचवील, आणि पुरवठादार तर अगत्याने सुचवितीलच. परंतु ही वेळ खरेदीला अनुकूल नाही. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव झपाट्याने चढले; कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड विदा-केंद्रांची मागणी एवढी वाढली, की मेमरी बनविणाऱ्या मोजक्या कंपन्यांनी आपली उत्पादनशक्ती तिकडे वळविली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉन कंपनीने, माझ्यासारखे दुरुस्तीकार वर्षानुवर्षे ज्या नावाची रॅम व एसएसडी विश्वासाने वापरीत आले, तो ‘क्रुशियल’ हा किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवहारच आवरता घेत असल्याचे जाहीर केले. सार्वजनिक पैशाने महाग भावात नवे घ्यायचे आणि चालू अवस्थेतले जुने किलोच्या भावाने द्यायचे, हा हिशेब मला तरी जुळत नाही.

आणि नवीन यंत्र घेतलेच, तर एक गोष्ट खरेदीच्या दिवशीच पाहावी. विंडोज ११ असलेल्या पुष्कळ यंत्रांत, प्रथम ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने यंत्र सुरू केले जाते, त्याच खात्यात डिस्कच्या कुलपाची अठ्ठेचाळीस अंकी किल्ली आपोआप जमा होते. पुरवठादाराच्या माणसाने घाईत स्वतःचे खाते घातले, किंवा ज्या लिपिकाने ते घातले त्याची बदली झाली, आणि पुढे मदरबोर्ड बदलण्याचा प्रसंग आला, की यंत्र ती किल्ली मागते व ती कोणापाशीच सापडत नाही. मग माझ्यासारख्याने कितीही खटपट केली तरी आतला मजकूर परत मिळत नाही. घरोघरी हे प्रसंग घडू लागले आहेत, आणि ज्या घरात मुलीचे सारे दाखले व मयत वडिलांची छायाचित्रे अशी कायमची बंद झाली, त्या घरातील माणसांना काय सांगावे हे मला आजही सुचत नाही. ती किल्ली कागदावर छापून मुद्देमालासारखी कचेरीच्या कपाटात ठेवावी.

आता यंत्रे ‘बिघडतात’ म्हणजे काय होते, हे थोडे सविस्तर सांगू द्यावे, कारण यादीतील ‘नादुरुस्त’ या एका शब्दाच्या पोटात फार निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जातात. सकाळी संगणक सुरू करावा तो घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले दिसावे, बँकेचे वा शासनाचे कोणतेही संकेतस्थळ उघडू जाता ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा पडद्यावर यावा, आणि विषाणू शिरला अशी सर्वांनी समजूत करून घ्यावी, हा प्रकार नित्याचा आहे. वस्तुतः मदरबोर्डवरील सीआर २०३२ क्रमांकाची, नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. ती संपली की वीज नसताना घड्याळ चालत नाही, आणि प्रत्येक संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला आरंभाची व अखेरीची तारीख असल्यामुळे, चुकीच्या तारखेत वावरणारा संगणक ते प्रमाणपत्र अमान्य करतो. पन्नास रुपयांच्या आत मिळणाऱ्या बॅटरीने तो दोष जातो. दुसरा प्रकार असा, की पंखा फिरतो, दिवा लागतो, परंतु पडदा काळाच राहतो व आतून बीप-बीप असा आवाज येतो. येथे बहुधा रॅमच्या पट्टीचे स्पर्शबिंदू मळलेले किंवा काळवंडलेले असतात, आणि पट्टी काढून साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून परत बसविली की यंत्र उठते.

हा दुसरा दोष आपल्या बाजूला विशेष आढळावा, याचे मला नवल वाटत नाही. तांबे आणि चांदी यांना गंधकयुक्त वायू व दमट हवा यांचा एकत्र सहवास मानवत नाही, हे रसायनशास्त्र सांगते. आणि मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीच्या कुशीत राहणाऱ्यांना हवेतला तो दर्प निराळा सांगावा लागत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथात झालेल्या वायुगळतीच्या रात्री नाकातोंडावर रुमाल धरून लोक रस्त्यावर आले होते. जी हवा माणसाच्या डोळ्यांना झोंबते ती मदरबोर्डावरच्या बारीक वाटांनाही सोडीत नाही, म्हणून माझा माझ्या ग्राहकांना आग्रह असतो, की पावसाळ्यात संगणक रोज निदान तासभर सुरू ठेवावा, त्याच्या आतल्या उबेने ओल जाते. खिडकीखाली तो ठेवू नये. आणि भिंतीतल्या अर्थिंगची एकदा वीजतंत्रीकडून खातरजमा करून घ्यावी.

तिसरे आणि सर्वांत मोठे दुखणे मंदपणाचे. ‘फार स्लो झाला, आता नवाच घ्यावा’ असे ज्याच्याविषयी म्हटले जाते, त्या दहा वर्षांच्या संगणकातील फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसविली, धूळ झटकून प्रोसेसरवरचा सुकलेला थर्मल पेस्टचा लेप बदलला, आणि शक्य तर रॅम आठ जीबी केली, तर जे यंत्र सुरू व्हायला चार-पाच मिनिटे घेत असे ते अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला सिद्ध होते. भाव चढलेले असतानाही हा खर्च नव्या यंत्राच्या किमतीचा लहानसा अंश ठरतो.

राहिला प्रश्न प्रणालीचा, आणि तो लिनक्सने सुटतो. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ज्याचा गाभा रचला ती ही मुक्त प्रणाली, ज्या यंत्रांना विंडोज ११ ने दार लावले त्यांवर विनामूल्य व अद्ययावत सुरक्षा-दुरुस्त्यांसह चालते. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, ‘बॉस’ नावाची तिची भारतीय आवृत्ती तयार केली आहे. केरळ राज्याने तर आपल्या सरकारी शाळांतील संगणकशिक्षण कित्येक वर्षांपासून मुक्त प्रणालींवरच उभे केले आहे. लिब्रेऑफिस व फायरफॉक्स तिच्यावर मराठीतून वापरता येतात, आणि देवनागरीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक आयताच मिळतो. परंतु ती सर्वत्र बसवावी असे मी म्हणणार नाही. आधारसाठी बोटांचे ठसे घेणारी उपकरणे, डिजिटल स्वाक्षरीची टोकने, काही जुने लेझर मुद्रक आणि ठरावीक विंडोजसाठीच लिहिलेल्या हिशेबप्रणाली यांच्याशी तिचे बऱ्याचदा जमत नाही. तेव्हा नागरिकांच्या खिडकीवरचे व लेखाविभागातील यंत्र विंडोजवरच राहू द्यावे. उलट नगरपरिषदेच्या शाळा, वाचनालये, अभ्यासिका, पत्रे टंकित करणारी मेजे, येथे लिनक्स उत्तम काम करील. स्पर्धापरीक्षांचे अर्ज भरण्यासाठी मोरिवलीपाड्यातील मुलगा आज सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजतो. निर्लेखित होऊ घातलेला आपला संगणक त्याच्या अभ्यासिकेत ठेवला, तर त्या यंत्राचे आणखी पाच वर्षे सार्थक होईल.

यापुढे जे लिहितो ते अधिक गंभीर आहे. भंगारात जाणाऱ्या संगणकाबरोबर नागरिकांचे दप्तर जाते. फाइल ‘डिलीट’ केली किंवा डिस्क घाईने ‘फॉरमॅट’ केली, म्हणजे मजकूर नष्ट झाला, हा समज सुशिक्षितांतही दृढ आहे. प्रत्यक्षात होते एवढेच, की दप्तरखान्याच्या सूचीतून नोंद खोडली जाते आणि कागदांचा गठ्ठा फडताळात जिथल्या तिथे राहतो. महाजालावर फुकट मिळणाऱ्या साधनांनी तो गठ्ठा परत बाहेर काढता येतो. माझा निम्मा लौकिक तर हरवलेल्या फायली अशा परत मिळवून देण्यावरच उभा आहे. जन्ममृत्यूच्या नोंदी, करदात्यांचे दूरध्वनी, आधारच्या छायाप्रती, कर्मचाऱ्यांच्या बँकखात्यांचे तपशील हे सारे लिलावात बोली लावणाऱ्या कोणाच्याही हाती पडू शकते. त्याच माहितीवर पुढे, ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल’ असे संदेश, बनावट पोलिसांचे ‘डिजिटल अरेस्ट’चे दूरध्वनी, आणि लग्नपत्रिकेच्या किंवा वाहनदंडाच्या नावाखाली येणाऱ्या एपीके फायली रचल्या जातात. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, पैसा पुढे सरकण्यापूर्वी खाते गोठविता येते, हे मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो. पण मुळात माहिती बाहेरच पडू नये, ही खबरदारी कचेऱ्यांच्या हाती आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने तर ती कायद्याची जबाबदारी ठरविली. फिरत्या तबकडीची डिस्क संपूर्णपणे पुनर्लेखित करावी. एसएसडीला पुनर्लेखन पुरेसे भरवशाचे नसते, तिला तिच्याच अंगच्या ‘सिक्युअर इरेज’ आज्ञेने पुसावे. जी डिस्क बंदच पडली आहे ती ड्रिलने आरपार भोके पाडून निकामी करावी. आणि प्रत्येकीचा अनुक्रमांक लिहून तसा दाखला पंचनाम्यास जोडावा.

आणि पुसण्यापूर्वी वाचून घ्यावे. मराठी कचेऱ्यांच्या बाबतीत हे मी आग्रहाने लिहितो, कारण युनिकोड रुळण्यापूर्वी, देवनागरी त्यात १९९१ पासून असूनही, आपल्याकडचा बहुतेक मराठी मजकूर श्री-लिपी, कृतीदेव अशा टंकांत लिहिला जाई, आणि त्या फायलींत मराठी अक्षरे नसून रोमन अक्षरांचे सांकेतिक क्रमांक असतात. ज्या जुन्या यंत्रावर तो टंक आहे, तेथेच तो मजकूर मराठी दिसतो. ते यंत्र गेले, की उरलेल्या फायली उघडल्यावर अर्थहीन चिन्हांचा कचरा पडद्यावर पसरतो. वालधुनी नदीकाठच्या आपल्या शिवालयातील शिलालेखावरचा शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा, मजकूर विद्वानांना वाचता आला, आणि त्याच गावातील वीस वर्षांपूर्वीचा एखादा ठराव वाचता येऊ नये, याचे मला मनस्वी वाईट वाटते. रूपांतर करणाऱ्या प्रणाली उपलब्ध आहेत. त्या चुकतात, जोडाक्षरांत व रफारांत विशेष चुकतात, म्हणून मूळ यंत्र शेजारी चालू असतानाच ताडून पाहण्याचे काम झाले पाहिजे. यंत्र लिलावात गेल्यावर ते होणे नाही.

मजकूर जपायचा तर पुराचाही विचार करावा लागतो. २६ जुलै २००५ चा प्रलय आपण सर्वांनी सोसला. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली, त्या दिवसांत तळमजल्यावरचे कितीतरी संगणक चिखलाने भरून माझ्यासारख्यांकडे आले. ज्यांनी ते सुरू करून पाहिले नव्हते, त्यांच्या डिस्का बहुतांशी वाचल्या. ‘चालतो का बघू’ म्हणून ज्यांनी बटण दाबले त्यांचे सारे गेले. प्रत्येक विभागाने आपल्या फायलींची एक नक्कल वरच्या मजल्यावर आणि दुसरी गावाबाहेर ठेवावी, ही तजवीज मे महिन्यापूर्वीच व्हावी.

जे यंत्र खरोखरच संपले, त्याची वाट कोणती, हेही नियमांनी ठरविलेले आहे. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये घनकचऱ्यात मिसळलेला ई-कचरा वेगळा काढून नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे किंवा नूतनीकरण करणाऱ्याकडे पोहोचविणे, आणि ज्या वस्तूंचा उत्पादक सापडत नाही त्याही गोळा करणे, हे नागरी स्थानिक संस्थांचे कर्तव्य आहे. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते. तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या, की त्यांच्या पीव्हीसी वेष्टनातून डायऑक्सिन बाहेर पडते. मदरबोर्डावरील सोन्याच्या कणांसाठी वापरलेले आम्ल अखेर कोणत्यातरी नाल्यात जाते, आणि आपल्याकडचे नाले वालधुनीला मिळतात. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस त्या नदीत टँकरमधून सोडलेल्या रसायनांमुळे उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले होते. त्या नदीवर आणखी भार टाकण्यास आपण निमित्त होऊ नये.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे, की निर्लेखनाच्या नमुन्यात चार सदरे वाढवावीत: यंत्र सुरू होते काय, होत नसल्यास नेमक्या कोणत्या भागामुळे, त्यातील मजकूर काढून ताडून पाहिला काय, आणि डिस्क कोणी, कोणत्या तारखेस, कशी पुसली. ही सदरे भरण्यास महागडा सल्लागार लागत नाही. अंबरनाथ हे यंत्रे जाणणाऱ्या माणसांचे गाव आहे. ऑर्डनन्स फॅक्टरी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि विमको या कारखान्यांनी पिढ्यान्‌पिढ्या येथे कुशल हात घडविले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यांना हे काम प्रात्यक्षिक म्हणून द्यावे, त्यांच्यावर एक जाणता कर्मचारी नेमावा, आणि संशयास्पद यंत्रे तेवढी बाजूला काढावीत. त्या विद्यार्थ्यांना रॅम-डिस्क तपासण्याची व पुसण्याची रीत दाखविण्यासाठी, तसेच जुन्या टंकांतील मजकूर ताडून पाहण्यासाठी, रविवारी माझी हत्यारे घेऊन येण्यास मी तयार आहे, व त्याचा मोबदला मला नको. ज्या खोलीत आपण बसवाल तेथे एक लांब मेज, अर्थिंग असलेला बोर्ड आणि चांगला उजेड असला म्हणजे पुरे.



आपला नम्र,
मोरिवली येथील एक संगणक-दुरुस्तीकार